पट्टीवरचं दुसरं नाव

आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींचे विषय ठरलेले असतात. क्रिकेट झालं, पाणीकपात झाली की गाडी गुडघ्यांवर येते आणि गुडघ्यांवरून गोळ्यांवर. परवा दोघा निवृत्त गृहस्थांच्या खिशातून एकदमच पट्ट्या निघाल्या. दोघांनाही रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, दोघांनाही चाळीसचीच. एकाला गोळी पडत होती सात रुपयांच्या पुढे, दुसऱ्याला सव्वा रुपयाच्या आत.

"एवढ्या स्वस्तात देतात म्हणजे त्यात औषध असतं तरी का हो?" महागवाल्यांनी विचारलं.

"आणि तुम्ही सहापट मोजता, ते कशाचे?" स्वस्तवाल्यांचा उलट सवाल.

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं त्यांच्या हातातल्याच पट्टीपासून सुरू होतात. या प्रकरणात ती उत्तरं शोधायची आहेत. त्यासाठी रसायनशास्त्र लागत नाही. चष्मा मात्र लागतो.

१. एका गोळीची तीन नावं

दत्तात्रय नावाच्या मुलाला घरात बाळू म्हणतात, आजोळी दत्तू म्हणतात, पण शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रयच असतो. औषधाचंही तसंच. त्याचं एक लांबलचक रासायनिक नाव असतं, ते आपण सोडून देऊ. दुसरं दाखल्यावरचं नाव, जे जगभर साधारण एकच असतं: पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन. आणि तिसरं हाक मारायचं नाव, जे प्रत्येक कंपनी आपापलं ठेवते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन हाका मारायची नावं. दाखला तिघांचाही पॅरासिटामॉलचाच. मेडिकलवाला ज्याला 'कंटेंट' म्हणतो, ते हे दाखल्यावरचं नाव. "कंटेंट सेम आहे, कंपनी वेगळी" हे वाक्य काउंटरवर आपण शंभरदा ऐकलेलं असतं. या प्रकरणाचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे.

आता 'जेनेरिक' म्हणजे काय ते पाहू. एखाद्या कंपनीने नवं औषध शोधलं की तिला साधारण २० वर्षांचं पेटंट मिळतं. तेवढा काळ ते दुसऱ्या कोणी बनवायचं नाही. पेटंट संपलं की कुणीही परवाना घेऊन तेच औषध बनवू शकतं. हे पेटंटमुक्त औषध म्हणजे जेनेरिक. भारतात याला एक वेगळा इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणंच बंद केलं. पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. पद्धत थोडी बदलली की तेच औषध बनवायला मोकळीक. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, पण मधल्या तीन दशकांत आपल्याकडे औषधं बनवणाऱ्या कंपन्यांचं रानच्या रान उगवलं होतं.

याचा परिणाम असा की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मांडलेली बहुतेक औषधं जेनेरिकच असतात. बाकावरच्या गृहस्थांची सात रुपयांची गोळीसुद्धा जेनेरिकच. फक्त तिला एका कंपनीने झोकदार नाव दिलं, डॉक्टरांकडे प्रतिनिधी पाठवले आणि नाव रुजवलं. म्हणजे त्या दोघांचं भांडण 'ब्रँडेड विरुद्ध जेनेरिक' असं नव्हतंच. नाव रुजलेलं जेनेरिक आणि नाव न रुजलेलं जेनेरिक, एवढाच तो सामना होता.

२. पट्टी उलटी करा

घरातली कुठलीही पट्टी घ्या आणि मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांना क्षणभर विसरा. एकाच घटकाच्या गोळीवर घटकाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे, असा नियम २०१८ पासून आहे. पण रंगसंगती आणि चकचकीत कागद असा असतो की नजर जायची तिथेच जाते.

मागे साधारण अशी ओळ असते: 'प्रत्येक गोळीत – टेल्मिसार्टन आयपी ४० एमजी.' या एका ओळीत तीन गोष्टी आहेत. टेल्मिसार्टन हे औषध. 'आयपी' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपल्या देशाचा औषधांचा मानक ग्रंथ. त्यातल्या कसोट्यांना हे औषध उतरलं पाहिजे. आणि ४० एमजी ही मात्रा. दोन पट्ट्यांची तुलना करायची तर औषध आणि मात्रा या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

शिवाय एक तिसरी गोष्ट जुळावी लागते, आणि फसगत बहुतेक वेळा तिथेच होते: शेपूट. नावाच्या शेवटी लागणारी दोन-तीन अक्षरं. 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटणारी गोळी. साधी मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर यांची किंमत ताडून पाहण्यात अर्थ नाही. घेण्याची रीतच वेगळी. 'एच' लागलं तर बहुधा त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं. 'एएम' असेल तर ॲम्लोडिपिन. ॲसिडिटीच्या गोळीपुढे 'डी' आला की डोम्पेरिडोन आलं. 'फोर्ट', 'प्लस' यांना तर ठरलेला अर्थच नाही. कंपनीच्या मनात येईल ते. कधी फरक शेपटातही नसतो, घटकाच्या आडनावात असतो. मेटोप्रोलोल सक्सिनेट आणि मेटोप्रोलोल टार्ट्रेट ही दोन भावंडं आहेत खरी, पण सक्सिनेटची सावकाश सुटणारी गोळी दिवसातून एकदा पुरते आणि टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दोनदा घ्यावी लागते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

पट्टी उलटीच आहे तर आणखी एक ओळ वाचून घ्या: 'निर्माता' आणि 'विपणन'. पुष्कळदा ही दोन नावं वेगळी निघतात. आपल्या ओळखीच्या मोठ्या कंपनीने फक्त नाव लावलेलं असतं. गोळी बनलेली असते हिमाचलातल्या बद्दीत, हरिद्वारला किंवा सिक्कीममध्ये, दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात. तोच कारखाना आणखी पाच-सहा कंपन्यांना तीच गोळी पुरवत असू शकतो. बेकरीत एकाच भट्टीतून निघालेली बिस्किटं वेगवेगळ्या दुकानांच्या पुड्यांत भरली जातात, तसंच. महाग पट्टी आणि स्वस्त पट्टी यांचा पत्ता एकच निघाला की मला अजूनही गंमत वाटते.

३. सरकार किंमत ठरवतं ना?

ठरवतं, पण सगळ्यांची नाही, आणि आपल्याला वाटतं तशी नाही.

अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. तिची २०२२ ची आवृत्ती ३८४ औषधांची. या यादीतल्या औषधांना, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक स्वरूपात, राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरण कमाल किंमत लावून देतं. ही किंमत काढायची पद्धत २०१३ च्या आदेशाने बदलली. त्याआधी बनवायला किती खर्च येतो ते पाहून किंमत ठरे. आता बाजारात काय भाव चालू आहेत ते पाहतात: ज्या ब्रँडचा विक्रीतला वाटा किमान एक टक्का आहे, त्या सगळ्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची आणि तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे.

आकड्यांत पाहू. समजा एका गोळीचे पाच ब्रँड आहेत आणि दुकानदाराला ते १०, ९, ८, ३ आणि २ रुपयांना पडतात. बेरीज ३२, सरासरी ६ रुपये ४० पैसे. त्यावर १६ टक्के चढवले की ७ रुपये ४२ पैसे. ही झाली कमाल मर्यादा, वर जीएसटी. वरच्या तिघांना खाली उतरावं लागलं, हे चांगलंच झालं. पण दोन रुपयांवाला अजून दोन रुपयांतच देतोय, आणि त्याला त्यात परवडतंय. म्हणजे बनवायचा खर्च दोनच्याही आत असणार. सात रुपयांवर सरकारचा शिक्का बसला म्हणून ती गोळी सात रुपयांची झाली, असं समजायचं कारण नाही. कमाल किंमत म्हणजे वरचं टोक, वाजवी भाव नव्हे.

यादीतल्या औषधांची किंमत दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार हलते. २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून जास्त वाढवता आली होती. पुढच्या वर्षी वाढ जवळपास शून्य होती. यादीबाहेरच्या औषधांना कमाल मर्यादा नाही, फक्त वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही एवढाच लगाम. सुरुवातच चढ्या भावाने केली असेल तर या लगामाने काय साधणार?

किमती एवढ्या पांगतात कशा, याचं उत्तर मला आहेराच्या साड्यांत सापडतं. लग्नात आहेराची साडी निवडतं एक, पैसे देतं दुसरं आणि नेसायची वेळ येते तिसरीवर. त्यामुळे पोताकडे कुणाचंच लक्ष नसतं. औषधाचंही तसंच आहे. निवडतात डॉक्टर, पैसे देतो घरातला कर्ता मुलगा आणि गिळतात आजी. भाजी घेताना दहा रुपयांसाठी दोन गाडे पुढे जाणारे आपण मेडिकलच्या काउंटरवर मात्र 'किती झाले?' एवढंच विचारतो.

४. भाव गोळीचा काढा

आता प्रत्यक्ष हिशेब. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. तुमच्या हातातल्या पट्टीवरचे आकडे त्यांच्या जागी घाला.

पहिली पट्टी १५ गोळ्यांची, छापील किंमत १०८ रुपये. दुसरी १० गोळ्यांची, ४२ रुपये. तिसरी जन औषधी केंद्रातली, १० गोळ्यांची, १२ रुपये. औषध तेच, मात्रा तीच, शेपूट तेच. पट्ट्या १०, १४, १५, ३० अशा कशाही आकाराच्या येतात, म्हणून पट्टीचा भाव कामाचा नाही. भागाकार करा. पहिली गोळी ७ रुपये २० पैसे, दुसरी ४ रुपये २० पैसे, तिसरी १ रुपया २० पैसे. रोज एक याप्रमाणे वर्षाचे झाले अनुक्रमे २,६२८, १,५३३ आणि ४३८ रुपये. आणि ही फक्त बीपीची गोळी. साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी जोडीला असेलच. पन्नाशीनंतर ही त्रिमूर्ती बहुतेक घरांत नांदते.

आता येते सवलत. 'सर्व औषधांवर २० टक्के सूट' अशी पाटी लावलेलं दुकान चार चौक ओलांडून गाठणारे लोक मला माहीत आहेत. पहिल्या पट्टीवर २० टक्के सूट घेतली तर गोळी ५ रुपये ७६ पैशांना पडते. दुसरी पट्टी काहीही सूट न घेता ४ रुपये २० पैशांना होती. म्हणजे पेट्रोल जाळून सवलत मिळवली, आणि तरी प्रत्येक गोळीला दीड रुपया जास्तच दिला.

अख्ख्या प्रकरणातली मुख्य गोष्ट हीच. आपल्याकडे एका विशिष्ट पट्टीची छापील किंमत रत्नागिरीतही तीच आणि नागपुरातही तीच. दुकानं बदलून फार तर १०-२० टक्के हाती लागतात, कारण दुकानदाराचा वाटाच साधारण तेवढा असतो. पट्टी बदलली तर किंमत निम्मी होते, कधी एक षष्ठांश. म्हणून आधी पट्ट्या ताडायच्या आणि मग दुकानं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्याचंही माप असंच काढता येतं: करासह १०० रुपयांची पट्टी त्याने ९३ रुपये ७५ पैशांची होते. मिळतंय ते घ्यावंच, पण खरी बचत कुठे आहे तेही कळावं.

आणखी एक छोटी गोष्ट. अर्धी पट्टी घेतली तर दुकानदाराने त्याच प्रमाणात पैसे घ्यायचे, जास्त नाही. हेही त्याच २०१३ च्या आदेशात आहे. नवी कंपनी पहिल्यांदा घेताना पाचच गोळ्या मागायला हरकत नाही. फक्त कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा कुणाकडे गेला ते पाहा.

५. 'जेनेरिक' म्हटलं की स्वस्तच?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या शब्दाआड एक खेळ चालतो.

काही कंपन्या औषध डॉक्टरांमार्फत न खपवता थेट घाऊक व्यापाऱ्यांना देतात. प्रतिनिधी नाहीत, जाहिरात नाही, त्यामुळे दुकानदाराला माल अगदी स्वस्त पडतो. धंद्यात याला 'ट्रेड जेनेरिक' म्हणतात. पण पट्टीवरची छापील किंमत मात्र नामांकित ब्रँडच्या जवळपास ठेवलेली असते. समजा छापील किंमत ६० रुपये आणि दुकानदाराची खरेदी ९ रुपये. तो तुम्हाला म्हणतो, "जेनेरिक आहे काका, तुमच्यासाठी अर्ध्या किमतीत." तुम्ही ३० रुपये देऊन खूश. त्याला २१ रुपये सुटले, तोही खूश. आणि तेच औषध पलीकडच्या गल्लीत १२ रुपयांना होतं. यात बेकायदा काही नाही. म्हणूनच 'किती टक्के सूट?' हा प्रश्न निरुपयोगी आणि 'एक गोळी कितीला पडली?' हा कामाचा.

जन औषधी केंद्रांत छापील किंमतच खाली असते, हा त्यांचा फरक. योजना २००८ ची. पहिलं दुकान अमृतसरला निघालं. कित्येक वर्षं ती रखडत होती, मग वेग आला आणि २०२५ च्या सुरुवातीला देशात १५,००० केंद्रं झाली. किमतीचा नियम सोपा: बाजारातल्या पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवायची नाही. प्रत्यक्षात पुष्कळ औषधं त्याहूनही बरीच खाली असतात. या पट्ट्यांवर हाक मारायचं नाव नसतंच, फक्त दाखल्यावरचं. म्हणून तिथे जाऊन "ती गुलाबी बीपीची गोळी द्या" म्हटलं तर काम होत नाही. जाण्याआधी 'जन औषधी सुगम' या ॲपवर घटकाचं नाव टाकून किंमत आणि जवळचं केंद्र पाहता येतं. तक्रार एकच, आणि ती खरी आहे: हवं ते औषध त्या दिवशी असेलच असं नाही. महिन्याचा साठा संपायच्या आठवडाभर आधी जावं. कमाल किमती पाहायला प्राधिकरणाचं 'फार्मा सही दाम' हे वेगळं ॲप आहे.

आणि सगळ्यात स्वस्त दुकान बहुतेकांच्या हिशेबातच नसतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. रांग असते, साठा कधी असतो कधी नसतो. पण औषध तेच.

६. हलकं तर नाही ना?

बाकावरचा पहिला प्रश्न हाच होता. याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल.

पहिला भाग. खडीसाखर आणि पिठीसाखर, दोन्ही साखरच. दुधात टाका: पिठीसाखर लगेच विरते, खडीसाखर वेळ घेते. गोळीत ४० एमजी औषध असणं पुरेसं नाही. ते पोटात योग्य वेळात विरघळून रक्तात पोहोचलं पाहिजे. दोन कंपन्यांच्या गोळ्या रक्तात सारख्याच पोहोचतात का, हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासतात. त्या चाचणीत ८० ते १२५ टक्के अशी एक मर्यादा असते, आणि तिच्यावरून 'जेनेरिकमध्ये ८० टक्केच औषध चालतं' अशी अफवा पिकली आहे. तसं नाही. गोळीत औषध पूर्ण मात्रेचंच लागतं. रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणाची तुलना करताना चाचणीतली अनिश्चितता धरूनही सगळे आकडे त्या पट्ट्यात बसले पाहिजेत, असा तो नियम. तो पाळताना सरासरी १०० च्या अगदी जवळच राहते. अमेरिकेच्या एफडीएने १२ वर्षांतल्या २,०७० चाचण्या तपासल्या, तेव्हा मूळ औषध आणि जेनेरिक यांत सरासरी फरक ४ टक्क्यांच्या आसपास निघाला.

दुसरा भाग कमी गोड आहे. हा हिशेब अमेरिकेचा. आपल्याकडे ही चाचणी सहज न विरघळणाऱ्या औषधांना सरसकट सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच परवाना मिळालेल्या कितीतरी गोळ्या बाजारात आहेत, आणि राज्याराज्यांतली तपासणी सारख्या कडकपणे होत नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी काढते. ती वाचली तर काही भ्रम गळून पडतात. त्यात छोट्या कंपन्या असतात, अधूनमधून मोठ्या नावाच्याही असतात. जन औषधीच्या काही बॅचही नापास झालेल्या आहेत, जरी तिथे प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात जाते. म्हणजे गुणवत्तेची काळजी करायचीच तर ती सगळ्याच औषधांची करावी लागेल. महाग पट्टी घेतली म्हणजे तपासणीची पावती फाडली, असं होत नाही. मी स्वतः एवढंच पाहतो: बिल मिळतं का, बॅच क्रमांक बिलावर आहे का, आणि गोळी बदलल्यावर महिनाभरात बीपीचा आकडा हलला का. शेवटचा पुरावा सगळ्यात भरवशाचा, आणि तो घरातल्या यंत्रावर मिळतो.

७. जिथे हात लावू नये

काही औषधांत कमी आणि जास्त यांच्यामधली वाट अगदी अरुंद असते. फिटसाठीचं फेनिटोइन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन, लिथियम, डिगॉक्सिन, अवयव बदलल्यावर घ्यायचं सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. यांत एक कंपनी लागू पडली की तीच धरून ठेवावी. बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना सांगून, आणि नंतर रक्त तपासून. थायरॉइडची तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. इन्सुलिन आणि दम्याचे पंप यांनाही गोळ्यांचा हिशेब लावू नये. तिथे साधन आणि घेण्याची पद्धतही औषधाचाच भाग असते.

८. चिठ्ठीवर काय लिहिलंय

एक विचित्र गोष्ट सांगतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलं असेल, तर चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत औषधविक्रेत्याने त्याऐवजी दुसरं द्यायचं नाही, घटक तोच असला तरीही. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम तसं सांगतो. काउंटरवर रोज याच्या उलट चालतं, ती गोष्ट निराळी. पण चिठ्ठीवर घटकाचं नाव असेल तर अडचणच राहत नाही; कुठल्याही कंपनीची गोळी देता येते.

म्हणजे सगळी किल्ली डॉक्टरांच्या पेनात आहे, आणि हे नव्याने कळलेलं नाही. १९७५ मध्ये हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने हद्दपार करायला सुचवलं होतं. २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेत घटकाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते सक्तीचं केलं आणि त्याच महिन्यात नियम स्थगितही केला. डॉक्टरांचं म्हणणंही कानावर घ्यायला हवं: "मी ब्रँड लिहिला नाही तर कंपनी निवडणार कोण? दुकानदार. आणि तो निवडणार ज्यात त्याला जास्त सुटतं ते." पाचव्या भागातला ट्रेड जेनेरिकचा हिशेब आठवला तर ही भीती पोकळ वाटत नाही.

तरी विचारता येतं. "डॉक्टर, ही गोळी कायमची आहे, तर घटकाचं नावही लिहून द्याल का? जन औषधीतली चालेल का?" एवढं म्हटल्यावर रागावलेले डॉक्टर मला क्वचितच भेटले. बहुतेक जण "चालेल की" म्हणतात आणि लिहून देतात.

९. तिकडे मात्र उलटं

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर हा सगळा हिशेब तिकडे उलटा होतो. तिथे पट्टीवर छापील किंमत नसते. औषधविक्रेता घटकाच्या नावावर सुट्या गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरून देतो. तीच गोळी एका दुकानात एका भावाला आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात कितीतरी पटींनी महाग असू शकते. म्हणून तिकडे दुकानांच्याच किमती ताडून पाहाव्या लागतात, आणि त्यासाठी कूपनं-ॲपं आहेत. वॉलमार्टने २००६ मध्ये महिन्याचं जेनेरिक औषध चार डॉलरला द्यायला सुरुवात केली तेव्हा तिकडे खळबळ उडाली होती. विम्यातून घेतलं तर स्वतःच्या वाट्याला येणारी रक्कम कधी रोख किमतीपेक्षा जास्त निघते, आणि हे गिऱ्हाइकाला सांगायला औषधविक्रेत्यांना करारानेच मनाई असायची. ती मनाई २०१८ च्या कायद्याने उठली. तिकडे जाताना आणखी एक लक्षात ठेवा: दाखल्यावरचं नाव जगभर एक, या नियमाला अमेरिकेत थोडे अपवाद आहेत. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल.

१०. डब्यातला घोळ

शेवटी घरातली एक गोष्ट, कारण पैसे वाचवण्याच्या भरात हे होऊ शकतं. माझ्या मावशीची बीपीची गोळी आम्ही बदलून स्वस्तातली आणली, डॉक्टरांना विचारून. चार दिवसांनी तिला उठताना चक्कर येऊ लागली. डबा उघडून पाहिला तर सकाळच्या खणात दोन गोळ्या: जुन्या पट्टीत उरलेली एक आणि नवीतली एक. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून तिच्या लेखी ती दोन वेगळी औषधं. "तू नवी आणलीस, जुनी बंद कर असं कुठे म्हणालास?" तिचं बरोबर होतं.

त्यानंतर एक पुठ्ठा कापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. त्यावर कंपनीचं एकही नाव नाही. तीन ओळी, तीन दाखल्यावरची नावं, मात्रा, शेपूट आणि वेळ. मेडिकलमध्ये जाताना त्याचाच फोटो न्यायचा. आता नवी पट्टी आली की मावशी तिला जुन्या पट्टीच्या शेजारी ठेवते, दोन्ही उलट्या करते आणि पुठ्ठ्याशी ताडून पाहते. अक्षर बारीक असतं, चष्म्यानेही भागत नाही. मग नातवाला हाक मारते, आणि तो मोबाइलचा दिवा लावून 'टेल्मिसार्टन' हा शब्द एकेक अक्षर सुटं करून तिला वाचून दाखवतो.